विहारातलं जपानी पुस्तक

आमच्या विहारात मूर्तीच्या उजव्या हाताला काचेची एक पेटी आहे. नेरच्या बाजारातलं एका सोनाराचं दुकान मोडलं तेव्हा विहार समितीच्या अध्यक्षांनी ती मिळवली. मिळवली, हे ते अजूनही दर भाषणात सांगतात, जणू काही बोधिवृक्षाची फांदीच आणली. त्या पेटीत निळ्या कापडी बांधणीचं एक जपानी पुस्तक उघडून ठेवलेलं असतं. वर्षावासाच्या तीन महिन्यांत रोज संध्याकाळी वस्ती पांढरे कपडे घालून जमते, त्रिसरण-पंचशील होतं, ग्रंथवाचन होतं आणि घरी जाताना जो तो त्या पेटीला कपाळ टेकवायचा. सगळ्यांत जास्त वेळ टेकलेलं कपाळ माझ्या वडिलांचं असायचं.

मी टेकवत नसे. मणका दुखतो असं सांगत असे. माझा मणका चांगला ठणठणीत आहे. मी आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना शिकवतो, आणि फिटरच्या पोरांना सुरुवातीलाच कानस शिकवावी लागते. हे तिचं टोक, ही धार, हा खांदा आणि ही मागची निमुळती शेपटी, जी लाकडी मुठीत ठोकून बसवायची. त्या पुस्तकात पानोपान अशाच शेपट्या होत्या. निमुळत्या, गंजलेल्या, मुठीतली खीळ अडकवायला भोक पाडलेल्या. मधल्या पानांवर लांबच लांब पाती होती. एवढं लांब पातं मुठीत बसवून कुणी भेंडी चिरत नाही. ते तलवारींचं पुस्तक आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण अध्यक्षांच्या हातात माईक होता आणि माझ्या हातात कानस, तेव्हा कुणाचं ऐकलं जाणार हे वेगळं सांगायला नको.

पुस्तक आलं कसं, तेही सांगतो. आमच्या भागात जपानी माणूस दिसणं ही काही अचंब्याची गोष्ट नाही. धम्मचक्र दिनाला ते नागपूरला येतात, तिथून कुणी तरी ओळखी काढून त्यांना आतल्या गावांत घेऊन येतो. शाल, पुष्पगुच्छ, भोजन, फोटो, आणि जमलंच तर एखादी मूर्ती दान. आम्हाला मूर्ती मिळाली ती अशीच. मूर्तीच्या प्रतिष्ठापनेला जी जपानी मंडळी आली त्यांत एक वाळका म्हातारा होता. दुभाष्या अध्यक्षांनी बळकावलेला, त्यामुळे बाकीचे जपानी नुसतेच हसत उभे होते. त्या म्हाताऱ्यानं पिशवीतून कापडात गुंडाळलेलं हे पुस्तक काढलं, पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या वडिलांसमोर येऊन कमरेत वाकला आणि दोन्ही हातांनी त्यांच्या ओंजळीत दिलं. बाबाही वाकले. मग तो पुन्हा वाकला, बाबा पुन्हा वाकले, आणि हे बराच वेळ चाललं. का दिलं, कुणाला म्हणून दिलं, काही कळलं नाही. मला विचाराल तर विमानाच्या सामानात वजन जास्त झालं असणार.

आता जपानी माणूस, तोही मूर्तीसोबत आलेला, वाकून एक जाडजूड जुनं पुस्तक देतो, तर ते धम्माचंच असणार, यात आमच्या वस्तीत कुणाला शंकाच आली नाही. जपान म्हणजे बुद्धाचा देश. तिथली भाषा म्हणजे बुद्धाची भाषा. तिथे माणसं भांडत असतील, मोटारसायकली विकत असतील, तलवारी घडवत असतील, हे कुणाच्या गावीही नव्हतं. पुस्तकात एकच पान रंगीत होतं, आणि त्या पानावरच्या शेपटीवर सोनेरी अक्षरं होती. झालं. सोन्यानं कुणी किराणा सामान लिहितो का? ते पान उघडून पुस्तक पेटीत गेलं आणि पेटीपुढे मेणबत्त्या लागल्या.

अध्यक्ष पंचायत समितीतून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. माईक सुरू असला की ते पुण्याचे, बंद झाला की नेरचे. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे त्यांचं एकूण तत्त्वज्ञान. त्यांनी पहिल्याच पौर्णिमेला त्या पानाचा अर्थ सांगितला. शेजारच्या पानावरच्या पात्याच्या धारेवर लाटांसारखी रेघ होती, ती म्हणे तृष्णेच्या लाटा. शेपटीला दोन भोकं होती, तर त्यांतलं एक दुःख आणि दुसरं दुःखाचा निरोध. आठ भोकं असती तर अष्टांगिक मार्ग नक्की झाला असता, पण लोहारानं दोनच पाडली, बिचाऱ्याला काय माहीत. आणि सोनेरी अक्षरं? "बंधू-भगिनींनो, ही मैत्रीची भावना आहे. सर्व प्राणिमात्रांविषयी मैत्री." पुढच्या वर्षी त्याच अक्षरांची करुणा झाली. त्याच्या पुढच्या वर्षी ते विसरले आणि पुन्हा मैत्रीवर आले. बायका पदराला डोळे पुसत. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात, पण आमची गाय लंगडीसुद्धा नव्हती, नुसतीच हंबरत होती.

माझ्या वडिलांना मात्र हंबरण्यानं समाधान होईना. त्यांनी सगळी नोकरी जिनिंगमध्ये काढली. सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या यंत्रांच्या आवाजात एक कान गेला, दुसरा अर्धा राहिला. शाळा चौथीपर्यंत. लहान असताना आई-बापाचं बोट धरून दीक्षा घेतलेली, आणि तेव्हापासून जे छापलेलं दिसेल ते वाचायचं अशी सवय. भज्याच्या कागदापासून. त्यांना अध्यक्षांचे दोन वर्षांचे दोन अर्थ नीट लक्षात होते. एकदा ते मला म्हणालेसुद्धा, "येका अक्षराचे दोन अर्थ होतेत, समजलं. पन माईक सुरू झाल्यावरच काहून होतेत?"

मग त्यांचं दुखणं आलं. यवतमाळच्या दवाखान्यात त्यांना बरेच दिवस ठेवावं लागलं. हृदय थकलं आहे, डॉक्टर म्हणाले, जिने नको, उन्हात नको, फार वेळ उभं राहणं तर अजिबात नको. घरी आणताना गाडीत बाबा बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. लाडखेडच्या पुढे आल्यावर म्हणाले, "तू येवढा शिकला. पोट्ट्यायले शिकवतं. मंग येक पुस्तक तुह्याच्यानं समजत नाही?"

"बाबा, ते जपानी हाय."

"जपानी हाय म्हनून तं तुले सांगून राह्यलो. मराठी असतं तं मीच नसतं वाचलं?"

बाबांनी खिडकीची काच वर केली.

"पुरं नाही म्हनत मी. जे पान उघडं रायते, तेवढं. मले मराठीतून आयकाचं हाय. आता किती दिस हाओ काय म्हाईत."

मी काही तरी बनवून सांगू शकलो असतो. मैत्री, करुणा, अनित्य, दोन-चार ओळी जुळवायला काय लागतं? अध्यक्ष दर पौर्णिमेला जुळवतात. पण माझ्या आज्यानं आणि त्याच्या बापानं बनवून सांगणाऱ्यांचंच ऐकलं होतं. न समजणाऱ्या भाषेत कुणी काही तरी पुटपुटायचं आणि अर्थ म्हणून मनाला येईल ते आमच्या माथी मारायचं, हे सोडूनच तर आमची माणसं धम्मात आली. मरायला टेकलेल्या माणसाला शेवटी मुलानंही तेच ऐकवायचं? ते मला जमणारं नव्हतं. दुसरीकडे, ज्या पानाला इतकी वर्षं कपाळ टेकवलं त्यावर तलवार आहे हे ऐकून त्या थकलेल्या हृदयाचं काय होईल, याचीही मला भीती वाटत होती. म्हणून ठरवलं, आधी पानावर काय लिहिलंय ते तरी कळू दे.

पहिल्यांदा फोनच धरला पानावर. हल्ली फोनला सगळं येतं म्हणतात. फोन म्हणाला, "उत्तम बगळ्याचे पोट. जमीन सुंदर. पाणी थंड." पुन्हा धरला तर म्हणाला, "नाशिवंत दोन गृहस्थ." अध्यक्षांपेक्षा बरं होतं, पण बापाला वाचून दाखवण्यासारखं नव्हतं.

मग अमरावतीला गेलो. तिथे एका गल्लीत 'जपानी शिका, जपानला जा' अशी पाटी असलेला क्लास आहे. सर गळ्यात टाय बांधून बसले होते आणि प्रत्येक वाक्याला मान झुकवत होते, अगदी पंखा लाव म्हणतानासुद्धा. मी पानाचे फोटो समोर ठेवले. त्यांनी ते उलटे धरले, सुलटे धरले, चष्मा पुसला. मग म्हणाले, "ही जुनी लिपी आहे. ही परीक्षेला येत नाही."

"पण वाचता येईल ना?"

"परीक्षेला येत नाही सर," ते पुन्हा म्हणाले, आणि या वेळी मान झुकवली नाही. अर्ध्या हळकुंडानं पिवळं व्हावं तरी किती! एवढं झाल्यावर त्यांनी मला विचारलं की आमच्या विहाराच्या भिंतीवर त्यांच्या क्लासचा बोर्ड लागेल का. पण एक काम त्यांनी केलं, ते नाकारणार नाही. पुस्तकाचं मुखपृष्ठावरचं नाव त्यांना वाचता आलं आणि ते त्यांनी मला इंग्रजी अक्षरांत लिहून दिलं.

त्या नावानं इंटरनेटवर शोधलं आणि मला एका वेगळ्याच जगाचा पत्ता लागला. जपानी तलवारींचे शौकीन जगभर पसरलेले आहेत आणि एकमेकांशी भांडण्यासाठी एका ठिकाणी जमतात. तलवार चालवता येणारा त्यांत एकही नसावा. गंजाचा रंग तपकिरी की काळपट तपकिरी, यावर मोठमोठे डॉक्टर-वकील एकमेकांचा उद्धार करतात. आमचं पुस्तक तिथे सगळ्यांना माहीत होतं. फार दुर्मीळ म्हणे. जुन्या तलवारींच्या शेपट्यांचे ठसे आणि त्यांवरच्या लेखांचं वाचन, असा तो संदर्भग्रंथ. आणि हो, कुणी तरी कधी काळी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं होतं, टंकलेखन करून, पिना मारून, आपल्या मंडळातल्या मोजक्या माणसांना वाटलं होतं.

मी लिहिलं की मला त्या भाषांतरातलं फक्त एक पान हवं आहे. आजारी वडिलांना वाचून दाखवायचंय. पुस्तक कुठे आहे, कसं ठेवलंय, तेही प्रामाणिकपणे लिहिलं. इथेच चुकलो.

एकानं लिहिलं, मेणबत्ती ताबडतोब विझवा. दुसऱ्यानं लिहिलं, सुती हातमोजे घातल्याशिवाय पानाला हात लावू नका आणि कपाळ तर मुळीच लावू नका, कपाळाला तेल असतं. तिसऱ्यानं लिहिलं, भाषांतरं मागत फिरणाऱ्यांमुळे या विद्येचा ऱ्हास झाला, दहा वर्षं काढा आणि जपानी शिका. बाबांच्या हृदयाला ही मुदत कळवायची राहून गेली. भाषांतर आपल्याजवळ आहे असं दोघांनी सांगितलं, पण देणार नाही असंही सांगितलं, कारण सगळ्यांकडे गेलं तर मग त्याचं मोल काय राहिलं. आणि एकानं अगदी सभ्य भाषेत विचारलं होतं, इतकं दुर्मीळ पुस्तक अशा ठिकाणी पोहोचलंच कसं?

अशा ठिकाणी म्हणजे कशा, ते त्यानं लिहिलं नाही. हा प्रश्न आमच्या घराण्याला नवा नाही, फक्त पूर्वी तो मराठीत विचारला जायचा. मी फोन बंद केला आणि चिडून दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही. वर्गातल्या पोरांनाही उगाच कानसून काढलं.

नंतर फोन उघडला तर एका बाईचा निरोप होता. ती फार दूरच्या कुठल्या तरी थंड देशातली. तिचा नवरा या मंडळातला, आता वारलेला. तिनं लिहिलं होतं, "हे भाषांतर माझ्या घरात आहे. माझ्या नवऱ्यानं मुलांपेक्षा जास्त ते सांभाळलं. मी ते चुलीत घालायची वाट पाहत होते. कुठलं पान पाहिजे?" मला ही बाई फार आवडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणी तरी माझ्या भाषेत बोललं होतं. मी तिला सोनेरी अक्षरांच्या पानाचा फोटो पाठवला.

तिचं उत्तर यायला वेळ लागला. आधी नुसतंच विचारलं होतं, "तुझे वडील आजारी आहेत ना? नक्की हेच पान?" मी म्हटलं हेच. मग भाषांतराच्या पानाचा फोटो आला. कोपऱ्यात तिचा अंगठा, नखात माती. खाली लिहिलं होतं, "माझ्या नवऱ्यानं हे पान मला कौतुकानं वाचून दाखवलं होतं. त्यानंतर बरेच दिवस मी त्याच्याशी बोलले नव्हते."

मी ते वर्कशॉपमध्येच वाचलं, पोरं जेवायला गेलेली असताना. शेपटीच्या एका बाजूला घडवणाऱ्या लोहाराचं नाव आणि त्याचा गाव. दुसऱ्या बाजूला सोन्यानं मढवलेला लेख: एकावर एक ठेवलेली दोन शरीरं या तलवारीनं एका घावात आरपार कापली. कापणाऱ्याचं नाव. साल आणि महिना. त्याखाली पुस्तककर्त्याची टीप होती. त्या काळी तलवारीची धार देहान्ताची शिक्षा झालेल्यांच्या शरीरांवर पारखत असत, आणि अशी सोनेरी नोंद असली की तलवारीची प्रतिष्ठा वाढे. लेख उत्तम स्थितीत आहे. फक्त तिसरं सोनेरी अक्षर किंचित झिजलं आहे, ही खेदाची गोष्ट.

खेदाची गोष्ट! दोन माणसं एकावर एक रचून ऊस तोडावा तशी तोडली, आणि त्या विद्वानाला खेद कशाचा, तर अक्षर झिजल्याचा. मला शिसारी आली. त्या पुस्तककर्त्याची, त्या हातमोजेवाल्यांची, आणि इतकी वर्षं या ओळीला मैत्री म्हणणाऱ्या आमच्या अध्यक्षांची. कुणाची जास्त, ते ठरवता येईना.

संध्याकाळी एसटीतून घरी येईपर्यंत माझे दोन विचार झाले. सांगू नये, असा पहिला. आणि दुसरा असा, की बाबांनी मला मराठीतून ऐकव म्हटलं होतं, गोड ऐकव म्हटलं नव्हतं. तरी रात्रभर धीर झाला नाही.

सकाळी बाबा अंगणात बाजेवर बसले होते. चहा झाला होता. मी त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसलो आणि सांगितलं की पान मिळालं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. धम्माचं ऐकताना ते नेहमी टोपी काढतात. मी म्हटलं, "बाबा, टोपी राहू द्या. हे धम्माचं नाही."

"मंग कायचं हाय?"

"तलवारीचं."

त्यांनी टोपी घातली नाही. "वाच," म्हणाले.

मी वाचलं. सगळं वाचलं, टिपेसकट. काही गाळलं नाही, काही मऊ केलं नाही. त्यांचा चेहरा पाहायची हिंमत नव्हती, म्हणून कागदाकडेच पाहत राहिलो. मनातल्या मनात मी यवतमाळची गाडी कुणाची मिळेल याचा विचार करत होतो.

"म्हंजे आपन त्याले डोकं टेकवून राह्यलतो," ते म्हणाले.

"हाव."

"तुले म्हाईत होतं?"

"तलवारीचं हाय, येवढं म्हाईत होतं. हे नव्हतं म्हाईत."

त्यांनी कागदाकडे बोट केलं आणि विचारलं, "घडवनाऱ्याचं नाव हाय म्हनतं त्यात?"

"हाय. गावासकट."

"आन कापनाऱ्याचं?"

"तेही हाय. सोन्यानं लिवलं हाय."

"आन ज्यायले कापलं त्यायचं?"

मला उत्तर ठाऊक होतं, तरी मी कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला.

"नाही, बाबा."

"कोनत्या कोपऱ्यात? बारीक अक्षरात?"

"नाही. कुठीच नाही."

बाबांनी मान हलवली. एसटीतून कुणी उतरावं, लांबून ओळख पटू नये आणि जवळ आल्यावर पटावी, तसं त्यांच्या तोंडावर काही तरी आलं.

"मंग ते आपले," ते म्हणाले.

मला वाटलं होतं त्यांचं हृदय बसेल. बसलं माझं. मी उठून घरात गेलो आणि माठाजवळ उगाच उभा राहिलो. माझ्या आज्याच्या बापाचं नाव काय होतं, हे आमच्या घरात कुणालाही माहीत नाही. बाबांनाही नाही. मी परत आलो तेव्हा बाबा टोपी घालून तयार होते आणि त्यांचं ठरलेलं होतं. "त्यायचं पुन्यानुमोदन कोनी केलं नसन. आपन करू."

पुण्यानुमोदन म्हणजे आमच्यात माणूस गेल्यावर करतात तो विधी. वंदना होते, गेलेल्याच्या नावानं दोन शब्द बोलतात, मग भोजन. मी अध्यक्षांकडे गेलो. त्यांना सगळं सांगितलं, कागद दाखवला. आधी ते म्हणाले, शक्य नाही. मग म्हणाले, शक्य असलं तरी कुणाला सांगू नका, वस्तीत गोंधळ माजेल. चहा येईपर्यंत ते सावरले होते आणि चहा संपेपर्यंत त्यांचं नवं प्रवचन तयार होतं. त्या जपानी वृद्धानं आपलं शस्त्र तथागतांच्या चरणी ठेवलं! हिंसेचा त्याग केला! या माणसाला उलटं टांगलं तरी त्याच्यातून प्रवचनच गळेल. सगळ्यांत वाईट याचं वाटतं, की ते कदाचित खरंही असेल. माझा विमानातल्या वजनाचा अंदाज त्यापुढे अगदीच भिकार दिसतो. पण असं काही ह्या माणसाकडून ऐकून घ्यायचं म्हणजे जिवावर येतं.

वस्तीत गोंधळ माजलाच. बैठक झाली. पुस्तक पेटीतून काढा म्हणणारे निघाले, नदीत टाका म्हणणारे निघाले. एक बाई उभी राहून म्हणाली, "मंग आमी येवढे दिस कायच्या पाया पडलो? सांगा ना भाऊ आता!" अध्यक्ष म्हणाले, भावना महत्त्वाची. ती म्हणाली, भावनेले काय चाटाचं हाय? मला तिला मिठी मारावीशी वाटली, पण आमच्याकडे तसं करत नाहीत. बाबा या सगळ्यात एकदाच बोलले. पुस्तकाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, म्हणाले, भोजन माझ्याकडून आहे. पुस्तकाचं त्या दिवशी काही ठरलं नाही, भोजनाचं ठरलं.

वर्षावासाची शेवटची पौर्णिमा होती. दुपारी सगळी वस्ती आली. बाबांसाठी आले, आलू-वांग्याच्या भाजीसाठी आले, काही जण पाहू तरी काय चाललंय म्हणून आले. अध्यक्षांची पंचाईत अशी होती की पुण्यानुमोदनाचं त्यांचं भाषण पाठ असतं आणि ते ठरल्या वाटेनंच जातं. आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावाआधी कालकथित म्हणतात. तर आधी कालकथित, मग नाव, मग राहणार कुठले, नोकरी कुठे, स्वभाव मनमिळाऊ, पश्चात कोण कोण. हारासाठी फोटो लागतो. या वेळी टेबलावर फोटो नव्हता. हार कशाला घालावा हे न कळून कुणी तरी तो तसाच टेबलावर ठेवला होता.

वंदना झाली. अध्यक्ष उठले, माईक हातात घेतला, मग बंद केला आणि पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेल्या बाबांकडे वाकले. माईक बंद असल्यामुळे ते नेरचेच होते. हळू आवाजात म्हणाले, "काकाजी, नाव काय सांगू?"

"लिवलंच नाही तं तुमी कुठून सांगान?" बाबा म्हणाले. एका कानानं बहिरा माणूस, त्यामुळे ते सगळ्या विहारात ऐकू गेलं.

अध्यक्षांनी माईक सुरू केला. "कालकथित," ते म्हणाले.

आणि थांबले. इतक्या वर्षांत मी त्यांना थांबलेलं पाहिलं नव्हतं. ओठ हलत होते, पण त्यांच्याजवळ पुण्याचंही काही नव्हतं आणि नेरचंही नव्हतं. माईक नुसता घूं करत होता. बायकांनी पोरं गप्प केली. मी अध्यक्षांना हसायची इतकी वर्षं वाट पाहिली होती, आणि आता मला हसू येईना.

बाबांनी खुर्चीचा हात धरला आणि उभे राहिले. मी त्यांना बसवायला पुढे झालो तर त्यांनी माझा हात बाजूला केला. ते उभे राहिले म्हणून त्यांच्या मागची रांग उभी राहिली, मग सगळे उभे राहिले, आणि बाबा बसेपर्यंत कुणीही बसलं नाही.